घास तोंडापर्यंत

कोपराच्या सांध्यातल्या कोरोनॉइडचा, म्हणजे अल्ना या हाडाच्या पुढच्या टोकाचा, टाका आता मी माझ्या तरुण सहकाऱ्याला घालायला देतो. डोळ्यांवर भिंगाचा लूप चढवूनही जवळचं पूर्वीसारखं स्वच्छ दिसत नाही, आणि तिथं अंदाजानं काम होत नाही. तुकडा नखाएवढा, स्क्रू घातला तर फुटतो. त्याला चिकटलेल्या सांध्याच्या आवरणासकट दोऱ्याचा फास टाकायचा, अल्नाला पाडलेल्या दोन भोकांतून दोरा मागे ओढायचा आणि रेडियल हेडचं, म्हणजे शेजारच्या रेडियस हाडाच्या डोक्याचं, काम उरकेपर्यंत गाठ मारायची नाही. पोराचा हात हलका आहे. मला त्याचा हेवा वाटतो.

सांधा निखळणं, रेडियल हेड फुटणं आणि हा तुकडा तुटणं एकत्र आलं, की त्याला 'टेरिबल ट्रायड' म्हणायचं, हे हॉचकिस यांनी १९९६ मध्ये रूढ केलं. मंगळवेढ्यात हे दुखणं बहुधा मोटारसायकलवरून येतं. गाडी घसरते, माणूस हात टेकतो.

ऑपरेशन जमतं हो. अडतं ते पुढं. कोपर हलवावा तर निसटण्याची भीती, न हलवावा तर आखडतो. तीन आठवड्यांहून जास्त प्लास्टरमध्ये राहिलेला कोपर पुन्हा सरळ होईल, असा शब्द मी कुणाला देत नाही. म्हणून शिवण पक्की असेल तर पहिल्या आठवड्यातच सुरुवात करायची. पेशंटला उताणं झोपवायचं, दंड छताकडे उभा धरायचा आणि तिथून त्याचा त्यालाच कोपर वाकवू-सोडू द्यायचा. या स्थितीत हाताच्या वजनानंच सांधा जागेवर दाबून राहतो. सुरुवातीला शेवटचे ३० अंश सरळ करायचा हट्ट धरायचा नाही.

मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं, की कोपर ३० ते १३० अंश हलला आणि पंजा दोन्हीकडे ५०-५० अंश फिरला की रोजची बहुतेक कामं भागतात. आमच्या या ज्वारीच्या गावात ते पुरत नाही. परातीत भाकरी थापायला तळवा पुरता पालथा पडावा लागतो. ५० अंशांवर अडलेली बाई खांदा उचलून थापते, आणि संध्याकाळी तिची मान धरते. कागदावर ती बरी झालेली असते.

मलाही बरीच वर्षं एक्स-रेच्या फिल्मचाच अभिमान होता. व्ह्यू बॉक्सवर ती लावून नातेवाइकांना स्क्रू दाखवायचो. परिषदेत माझी केस पडद्यावर आली की छाती फुगायची. हात तोंडापर्यंत जातो का, हे शेवटच्या स्लाइडवर. आजही परिषदांतून इम्प्लांटवर तासभर बोलतात आणि व्यायामाला दोन मिनिटं देतात. फिजिओथेरपिस्टला व्यासपीठावर जागाच नसते. हे मला मान्य नाही.

हाडवैद्यांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे: मालिश. दुखावलेला कोपर रगडला, जबरदस्तीनं ताणला, की पुढच्या स्नायूत हाड धरायला लागतं आणि सांधा अडतो. भूल देऊन हिसका मारणाऱ्या डॉक्टरांनाही मी हेच सांगतो.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. कोपर निखळला तर तेल लावू नका, कुणाला ओढू देऊ नका. आहे त्या स्थितीत हात झोळीत बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाके निघाल्यावर व्यायामाला येणं बंद करू नका. शेतात सुगी असली तरी या.