हाम्बाखचा किल्ला

पुतण्या जर्मनीत मानहाइमला नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याने आम्हा उभयतांना नॉयश्टाट गावाजवळचा हाम्बाखचा किल्ला दाखविला. हा फाल्त्स भाग द्राक्षमळ्यांचा. खाली उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा, वर दाट रान आणि त्यातून किल्ल्याकडे जाणारी पायवाट.

शेकडो वर्षे हा किल्ला श्पायरच्या बिशपांच्या ताब्यात होता. १५२५ च्या उठावात शेतकऱ्यांनी तो लुटला. पुढे २७ मे १८३२ रोजी २० ते ३० हजार लोक डोंगर चढून या पडक्या किल्ल्यावर जमले. शेतकरी, कारागीर, विद्यार्थी होते. स्त्रियांनाही आग्रहाचे निमंत्रण होते. डोक्यावर करांचा बोजा, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी. त्यांनी देशाचे ऐक्य आणि लिहिण्या-बोलण्याचे स्वातंत्र्य मागितले. काही पुढाऱ्यांना तुरुंगवास घडला. पण त्या दिवशी फडकलेले काळा, तांबडा, सोनेरी हे रंगच आज जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आहेत. तेव्हाचा एक झेंडा किल्ल्यात जपून ठेवला आहे. त्याच्यापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो.

वाचकहो, सुट्टीत मुलांना कुठलाही किल्ला दाखवा. तो कोणी बांधविला हे सांगालच. पण तिथे सामान्य माणसांनी काय केले, हेही विचारायला शिकवा.