गाडीवर न चढणारा टोमॅटो

टोमॅटो दोन प्रकारचे असतात: गाडीवर चढणारे आणि न चढणारे. ही वर्गवारी जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. ती माझ्या आबांची आहे. आबांनी नारायणगावजवळच्या आमच्या रानात तीस वर्षे टोमॅटो पिकवला, तेव्हा तिला मान द्यायला हरकत नाही.

गाडीवर चढणारा टोमॅटो लांबट, जाड सालीचा, घट्ट गराचा. आत दोन, फार तर तीन कप्पे. अंगावर पिवळसर गुलाबी छटा आली की तोडायचा, वीस किलोच्या क्रेटमध्ये भरायचा. क्रेटवर क्रेट रचून दोन रात्रींचा प्रवास झाला तरी तळचा फुटत नाही. आपल्या मेसमध्ये सॅलडला येतो तो हाच. न चढणारा टोमॅटो मोठा, चपटा, अंगावर भोपळ्यासारख्या घड्या असलेला. साल पातळ, आत सहा-सात कप्पे, आणि रस इतका की ताट जरा कलते केले तर भाकरीपर्यंत ओघळ येतो. खाणाऱ्याला जे हवे, म्हणजे आकार आणि रस, नेमके तेच ट्रकला नको असते.

आबांनी जन्मभर पहिला पिकवला. दुसरा त्यांनी पिकवला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बंगळूरमधील एचएसआर लेआउटच्या एका गच्चीवर.

ते तिथे हौसेने आले नव्हते. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा भागांतील टोमॅटोवर विषाणू आला. फळ नीट लाल होईना. त्यावर पिवळे-हिरवे पट्टे पडत. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. नमुने तपासायला गेले ते बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत, आणि तिथे काकडीवरील मोझॅक विषाणू व त्याच्या जोडीला आणखी काही विषाणू सापडले. टाळेबंदीत एक तर बाजार बंद, त्यात हे. पुढच्या वर्षी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, पीक उत्तम आले आणि भाव किलोला दोन-तीन रुपयांवर उतरला. टीव्हीवर शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओतताना दाखवत होते. आबांनी ओतले नाहीत, गुरांना घातले. त्याच पावसाळ्याच्या शेवटी आजी गेली. बाबांनी रान वाट्याने लावले आणि आबांना इकडे आणले.

होसूर-सर्जापूर रोड लेआउट हे या वस्तीचे पूर्ण नाव. सात सेक्टर, आखीव रस्ते, एका टोकाला अगरा तलाव. जागोजागी कॉफीची दुकाने, आणि त्यांत लॅपटॉप उघडून बसलेली माणसे. आबा सकाळी तलावापर्यंत जात, परत येत आणि गॅलरीत बसत. मी सुट्टीत घरी आलो की ते मला शाळेतले जेवण, पीटी, रायफल यांबद्दल विचारत. मी त्यांना रानाबद्दल विचारले की “बरं आहे” म्हणत. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला, तेव्हा आईसोबत ते हॉपकॉम्सच्या दुकानात गेले. अर्धा किलो घेतला. पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण आई सांगते की त्या रात्री ते जेवले नाहीत. बाबांनी त्याच सुमारास रान विकण्याचा विषय काढला होता. गिऱ्हाईक तयार होते.

बंगळूरच्या भाजीवाल्यांकडे दोन वेगळे ढीग असतात, एक हायब्रीड आणि एक ‘नाटी’. नाटी म्हणजे आपला गावरान: आंबट, पातळ सालीचा, रसाळ. सारू करायला कन्नड गृहिणी तोच घेते. आबांना हा शब्द फार आवडला. एवढ्या मोठ्या शहरात अजून कुणी गावरान टोमॅटो मुद्दाम मागून घेते, याचे त्यांना आश्चर्य वाटले. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना बी दिले, मोठ्या, घड्या पडलेल्या जातीचे. काकू म्हणाल्या, एकेक फळ पाव किलोच्या वर जाते. आबा हसले. पाव किलोचे फळ गाडीवर चढत नाही. पण बी त्यांनी पेरले, २०२४ च्या फेब्रुवारीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत.

एका हिवाळी सुट्टीत मी एकच काम केले होते. त्याची मला फुशारकी आहे, म्हणून सांगतो. टोमॅटोला दिवसाला निदान सहा तास ऊन लागते, आणि आमच्या गच्चीवर तिन्ही बाजूंच्या इमारतींच्या सावल्या पडतात. मी सकाळी सात ते संध्याकाळी पाच दर तासाला खडूने सावलीची कड आखली. नकाशावाचनाच्या तासाचा असा उपयोग झाला. पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, दोन खाटा मावतील एवढा तुकडा सापडला. तिथे सहा मोठ्या पिशव्या ठेवल्या, प्रत्येकीत चाळीसेक लिटर माती मावेल अशा. लहान कुंडीत मोठे फळ येत नाही. मुळांना जागा नसली की झाड आधी फळच आखडते. माती बंगळूरची तांबडी. तिच्यात नारळाचा भुसा, निंबोळी पेंड आणि स्वयंपाकघरातील कचऱ्याचे खत. खताची आमच्याकडे अडचण नाही. या वस्तीत घरी खत करणारे पुष्कळ आहेत, आणि ते शिकवणारे ‘स्वच्छाग्रह कलिका केंद्र’ही याच लेआउटमध्ये आहे.

रोपे पिशवीत गेली ती मार्चच्या मध्यावर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. बोअरवेल आटल्या होत्या, टँकर मिळत नव्हते. शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेला आणि गाड्या धुवायला पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घातली. दंड पाच हजार रुपये. मी तेव्हा शाळेत होतो. रविवारच्या फोनवर आईने सांगितले की आबांनी गच्चीवरचा नळ स्वतः सुतळीने बांधून टाकला. “लोकांना प्यायला नाय आन् आपण झाडाला घालायचं?” मग पाणी कुठून? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी आई एका बादलीत साठवू लागली. शेजारच्या दोन घरांनीही दिले. सहा झाडांना रोज बारा ते पंधरा लिटर लागायचे, आणि ते कसेबसे जमायचे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी काकू देत होत्या, पण ते क्षारांचे असते म्हणून आबा ते झाडांना न घालता फरशी पुसायला ठेवत. मातीवर त्यांनी वाळलेल्या पानांचा चार बोटे थर दिला.

पाण्याचे प्रमाण कमी असले तरी वेळ आबांनी कधी चुकवली नाही. रोज सकाळी साडेसहा. हे शिस्तीचे कौतुक म्हणून सांगत नाही, त्याला कारण आहे. फळाला कॅल्शियम पाण्याबरोबरच पोचते. एक दिवस कोरडे आणि एक दिवस चिखल झाले की ते फळाच्या टोकापर्यंत जात नाही आणि बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. फळ जितके मोठे तितका धोका जास्त. कोरडी पडलेली माती एकदम भिजली तर पिकू लागलेले फळ तडकते, ते वेगळेच.

एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांपुढे गेला. रात्रीही उकाडा. टोमॅटोचे फूल रात्रीच्या उष्म्याला फार नाजूक. पराग निकामी होतो आणि फूल देठापासून गळते. आबा रोज सकाळी गळालेली फुले वेचून ओट्यावर ठेवत. आई म्हणाली, मोजत असावेत.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. मी घरी पोचलो तेव्हा हवा निवली होती आणि झाडे माझ्या खांद्याला लागली होती. आबांनी बांबू आणि सुतळीने बांधणी केली होती, रानातल्यासारखी, आणि बगलेतले फुटवे खुडून प्रत्येक झाड एकाच खोडावर ठेवले होते. फुलांना सकाळी दहाच्या सुमारास टिचकी मारायचे काम माझ्याकडे आले. टोमॅटोच्या फुलात पराग नळीसारख्या कोंडाळ्यात असतो आणि तो हलवल्याशिवाय पडत नाही. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी पंखांचे स्नायू थरथरवून तो पाडते. साध्या मधमाशीला ते जमत नाही. तिसऱ्या मजल्यावर ती माशी मला दोनदाच दिसली, म्हणून टिचकी. आईचा बॅटरीवरचा टूथब्रश देठाला लावला तर टिचकीपेक्षा चांगले काम होते, पण तो प्रयोग एकदाच करता आला.

फळे धरली आणि खरी अडचण उभी राहिली. मोठे फळ हवे तर घोसात एक, फार तर दोन ठेवून बाकीची खुडावी लागतात. काकूंनी हे सांगितले तेव्हा आबा गप्प राहिले. तीस वर्षे ज्याचा हिशेब झाडाला किती फळे आणि एकरी किती क्रेट असा होता, त्याला धरलेली हिरवी फळे हाताने तोडायची होती. दोन दिवस ते वर गेले की झाडाकडे बघून परत येत. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “तू खुड, मी दाखवतो.” ते बोट दाखवत आणि मी खुडत गेलो. एकूण एकतीस कैऱ्या निघाल्या (आमच्याकडे हिरव्या टोमॅटोला आम्ही असेच म्हणतो). आईने त्यांची शेंगदाण्याचे कूट घालून चटणी केली. आबांनी ती दोनदा मागून घेतली.

एका झाडावर सुरुवातीचे फूल जोडफूल होते, दोन-तीन फुले एकात एक मिसळल्यासारखे. त्याचे फळ वेडेवाकडे झाले, पण सगळ्यांत मोठे. जूनच्या शेवटी ते अर्धे रंगले. पावसाने तडकू नये म्हणून आबांनी ते तोडून घरात टोपलीत ठेवले; फ्रिजमध्ये टोमॅटोची चव मरते. पाच दिवसांनी आईच्या काट्यावर ते ४१० ग्रॅम भरले. आबांनी विळीवर चिरले. सात कप्पे. रस विळीच्या पाटावरून ओट्यावर आला. मीठ लावून आम्ही चौघांनी आणि काकूंनी ते उभ्या उभ्या खाल्ले.

कॅडेटने टोमॅटोवर काय लिहायचे, असे काहींना वाटेल. त्यांनी लेहला संरक्षण संशोधन संस्थेची जी प्रयोगशाळा आहे, तिच्याबद्दल वाचावे. ११,५०० फुटांवर, गोठवणाऱ्या थंडीत, जवानांना ताजी भाजी तिथल्या तिथे मिळावी म्हणून तिथे हरितगृहांत टोमॅटोवरही काम झाले आहे. तिथला टोमॅटोही ट्रकमधून फार लांब जायचा नसतो. आबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथं पाणी कुठनं आणतात?”

दुसऱ्या फळाचे बी आबांनी राखून ठेवले. गर वाटीत तीन दिवस आंबवला, बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण धुऊन काढले, आणि बी कागदावर सावलीत वाळवले. मी शाळेत परतण्याच्या आदल्या रात्री त्यांनी बाबांना ऑफिसचे एक पाकीट मागितले, त्यात निम्मे बी घातले आणि वाटेकऱ्याचा पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. आत चिठ्ठी होती: विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत लाव, विकायचे नाही, पोरांना खाऊ घाल, गणपतीनंतर मी येऊन बघतो.

बाबांनी चिठ्ठी वाचली. गिऱ्हाइकाला काय सांगायचे, ते त्या रात्री कुणीच बोलले नाही. सकाळी मला स्टेशनवर सोडायला निघताना त्यांनी पाकीट बरोबर घेतले आणि वाटेत गाडी थांबवून पोस्टाच्या पेटीत टाकले.