पहिला मान तुझा

प्रिय क्रोनो ट्रिगर,

मे महिन्याची सुट्टी लागली त्या रात्री मी भाचीला इंदूरच्या सराफ्यात घेऊन गेले होते. दागिन्यांची दुकानं बंद झाली होती, त्यांच्या पायऱ्यांसमोर कढया पेटल्या होत्या. भुट्ट्याचा कीस खाता खाता तिनं विचारलं, "आत्या, ते जपानी गोष्टीवाले गेम असतात ना, त्यातला पहिला कुठला खेळू?" तिचं वय तेरा. माझं उत्तर वीस वर्षांपासून तयार होतं, तरी ते लगेच ओठांवर आलं नाही. पहिला खेळ एकदाच मिळतो. तो चुकला तर पोरगी दोन दिवसांत कंटाळेल आणि पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. त्या रात्री घरी येऊन मी बराच वेळ विचार करत बसले. शेवटी तुझं नाव सांगितलं. का सांगितलं, ते तुला लिहून कळवावंसं वाटतंय. आणि हे पत्र उघडं ठेवतेय, कारण हाच प्रश्न पडलेली पोरं आणि त्यांचे आईबाप आणखी घरांतही असतील.

आमच्या पिढीला असा प्रश्न पडलाच नव्हता. लहानपणी आमच्या टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेममध्ये कॅसेट खोचली की मारिओ, काँट्रा आणि रणगाडे. एका कॅसेटीत शेकडो खेळ असल्याचं वर छापलेलं असायचं आणि त्यातले निम्मे तेच ते पुन्हा. गोष्टीचा खेळ त्यात एकही नव्हता. त्याचं कारण मला खूप पुढं उमगलं. गोष्ट आठवडाभर चालते, म्हणजे कुठवर आलो हे यंत्राला लक्षात ठेवावं लागतं, आणि त्यासाठी कॅसेटीत बॅटरी लागते. आमच्या कॅसेटी स्वस्तातल्या, बटण बंद केलं की सगळं विसरणाऱ्या. जपानात 1986 च्या मे महिन्यात 'ड्रॅगन क्वेस्ट' आला तेव्हा त्याच्याही कॅसेटीत बॅटरी नव्हती. खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा एक मंत्र द्यायचा, तो पोरं वहीत उतरवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तोच मंत्र घातला की गोष्ट पुढं सुरू. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. त्या वह्यांचा विचार केला की माझा जीव अजून कळवळतो.

तुझी माझी भेट कॉलेजात झाली, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर. ते आमच्याकडच्या भारनियमनाचे दिवस होते. दुपारी कधी वीज जाईल याचा नेम नव्हता. मॅगस या जादूगाराच्या किल्ल्यात मी तीनदा शेवटपर्यंत पोचले आणि तीनदा पडदा काळा झाला. तरीही चौथ्यांदा गेले. दुसऱ्या कुठल्याही खेळासाठी मी एवढं केलं नसतं. म्हणून तुझ्यावर माझं प्रेम आहे, पण केवळ प्रेमापोटी तुला भाचीच्या हाती दिलं असं समजू नकोस. तुझ्या भावंडांनाही मी शेजारी उभं करून पाहिलं.

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करावी असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मराठी वाचायला लागलेल्या पोराच्या हाती आपण आधी 'लीळाचरित्र' देत नाही. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' या सगळ्या कुळाचा मूळपुरुष आहे, त्याला नमस्कार. पण त्यात चार पावलं चाललं की अचानक लढाई, पुन्हा चार पावलं, पुन्हा लढाई. ज्याला हे वेड आधीच लागलंय त्याला त्यात गोडी वाटते, नवख्याला वाटत नाही. दुसरं नाव हमखास येतं ते 'फायनल फँटसी'च्या सातव्या भागाचं. 1997 चा, तीन सीडींचा खेळ, जगभरातल्या कितीतरी लोकांना याच खेळानं या वाटेवर आणलं. तो थोर आहे. पण आता त्याच गोष्टीचे नवे अवतार निघालेत, त्यामुळं कुठला घ्यायचा इथूनच गोंधळ, आणि मूळ खेळातली ठोकळ्यांच्या हातांची माणसं पाहून आजचं पोर आधी हसतं. सहावा भाग मला सातव्यापेक्षाही आवडतो, पण त्यात चौदा पात्रं सांभाळायची असतात. आणि 'ड्रॅगन क्वेस्ट'चा पाचवा? त्यात नायक बापाचं बोट धरून चालणारा पोर असतो, मग त्याचं लग्न होतं, मग तो स्वतः बाप होतो. तो खेळ मी राखून ठेवलाय. तो तिनं विशी ओलांडल्यावर खेळावा.

पोकेमॉनही याच कुळातला, 1996 चा. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचा पहिला जपानी रोल-प्लेइंग गेम खरं तर तोच असतो, फक्त त्याला असं नाव आहे हे त्यांना माहीत नसतं.

तर राहिलास तू. 11 मार्च 1995 चा. हिरोनोबु साकागुची 'फायनल फँटसी'चे, युजी होरी 'ड्रॅगन क्वेस्ट'चे, म्हणजे एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन घराण्यांचे कर्ते. सोबत 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू काढणारे चित्रकार अकिरा तोरियामा. 1992 मध्ये हे तिघं कॉम्प्युटर ग्राफिक्स पाहायला मिळून अमेरिकेला गेले आणि आपण एकत्र काहीतरी करू असं त्यांनी तिथं ठरवलं. भाचीला यातलं काही सांगायची गरजच पडली नाही. पडद्यावर तुझा लाल केसांचा पोरगा उभा राहिला आणि ती ओरडली, "हा तर गोकूचा भाऊ!" हात तोच होता, तिनं बरोबर ओळखला. तोरियामा मार्च 2024 मध्ये गेले. 'ड्रॅगन बॉल' पाहत वाढलेल्या या मुलीसाठी तुझं दार त्यांनी आधीच अर्धं उघडून ठेवलं होतं.

तुझी सुरुवात मला अजून पाठ आहे. आई पडदे सरकवून मुलाला उठवते, बाहेर राज्याला हजार वर्षं झाल्याची जत्रा भरलेली. आधी कुणाचा जीव घ्यायचा नाही, जग वाचवायचं नाही, नुसतं जत्रेत भटकायचं. आम्हा इंदूरकरांना ही सुरुवात परकी वाटत नाही. अनंत चतुर्दशीला इथं रात्रभर कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, झांक्या मात्र अजून निघतात, आणि पोरं आईबापांचा हात सोडून गर्दीत पळतात. भाचीही तशीच तुझ्या जत्रेत पळत सुटली. नायकाचं नाव तिनं 'भिया' ठेवलं, म्हणजे आमचा इंदुरी 'भैया'. रोमन लिपीत पाचच अक्षरं, तुझ्या चौकटीत नीट बसली.

जत्रेत एका टेबलावर कुणाचा तरी डबा ठेवलेला असतो. तिनं तो उघडून खाल्ला. तू काहीच बोलला नाहीस, उलट ताकद भरून दिलीस. पुढं काही तासांनी भियाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस आणि साक्षीदार आणलेस. डबा खाल्लास का? मुलगी धडकून पडली तेव्हा आधी तिला सावरलंस की तिचं पडलेलं लॉकेट उचललंस? हरवलेली मांजर त्या छोटीला नेऊन दिलीस का? भाची थिजून गेली. माझी आई, म्हणजे तिची आजी, पलंगावर बसून पाहत होती. ती खरंच रागावली, "दुसऱ्याच्या डब्याला हात लावतात का गं?" आणि पोरगी खरंच ओशाळली. आपण जे करतो ते कुणीतरी पाहत असतं, हे तू तिला उपदेशाचा एक शब्द न बोलता दाखवलंस. तुला पहिला मान दिला त्याची निम्मी कारणं या एका प्रसंगात आहेत.

उरलेली कारणं तुझ्या चालीत आहेत. तुझे बहुतेक शत्रू समोर दिसतात, वाटेतच. हवं तर वळसा घालून जाता येतं. लढाई तिथंच, त्याच जागी होते, पडदा बदलत नाही. दोघं मिळून करायचे डाव आहेत, त्यामुळं कुणासोबत कुणाचं चांगलं जमतं हे पोर स्वतःच शोधत बसतं. पंचवीसेक तासांत तू पूर्ण होतोस, म्हणजे एका सुट्टीत मावतोस. डझनाहून अधिक शेवट आहेत तुझे, पण पहिला गाठायला कुणी अडवत नाही. माझ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवरही तू कुरकुर न करता चालतोस. शंभर तासांचे खेळ मीही खेळलेय आणि त्यांतले काही मला मनापासून आवडतात. पण पहिल्याच भेटीत कुणी कुणाकडं शंभर तास मागू नयेत.

एका गोष्टीची मला धास्ती होती, भाषेची. तू वाचायचा खेळ आहेस. मराठी सोड, हिंदीतही तू नाहीस. भाची इंग्रजी शाळेत जाते, तिला अडचण नव्हती. अडचण आजीची होती. आजीला गोष्ट हवी होती आणि इंग्रजी येत नव्हतं. मग दुसऱ्या दिवसापासून भाची प्रत्येक संवाद मोठ्यानं मराठीत सांगू लागली. आमच्या इंदुरी मराठीत, निम्मी हिंदी मिसळून. दुकानदार "आओ भिया" म्हणून बोलावू लागला. अडलं की ती माझ्याकडं वळायची, "आत्या, लॉयल्टीला मराठीत काय म्हणतात?"

आणि मग बेडूक आला. शापानं बेडूक झालेला, राणीसाठी जीव टाकणारा सरदार. 1995 मध्ये टेड वूल्सी यांनी तुला तीसेक दिवसांत इंग्रजीत आणलं तेव्हा या एकट्याच्या तोंडी त्यांनी शेक्सपिअरच्या काळातली भाषा घातली. जपानीत तो तसा बोलत नाही, आणि तुझ्या नव्या इंग्रजीतही त्यामानानं साधा बोलतो. मी हे सांगितलं तर आजी म्हणाली, सरदार असा साधा कसा बोलेल? तिनं स्वतःच त्याचं बोलणं हाती घेतलं. तेव्हापासून आमच्या घरातला बेडूक होळकरांच्या दरबारातून आल्यासारखा बोलतो. "राणीसाहेब, आपली आज्ञा शिरसावंद्य." भाचीनं 'शिरसावंद्य' हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. आता ती चहा आणायला सांगितलं तरी तेच म्हणते.

तुझ्यात एकच भूमी वेगवेगळ्या काळांत दिसते, कधी सहाशे सालात, कधी हजारात. इथं पूल नव्हता, मग झाला. इथं वाळवंट होतं, तिथं पुढं रान उभं राहिलं. हे समजावायला मी तिला राजवाड्यासमोर नेलं. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. या वाड्यानं तीनदा आग पाहिली. शेवटची 1984 ची. माझ्या लहानपणी दर्शनी भाग ताठ उभा होता आणि दारातून आत डोकावलं की मागं जळकी पोकळी दिसायची. बाबा तिथं थांबून काही न बोलता पाहत राहायचे. आता मागचा भाग पुन्हा बांधलाय. भाचीनं तो कधी जळका पाहिलाच नाही, तिच्यासाठी तो कायमच असा आहे. ती बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तू सहाशे सालातली आहेस आणि मी हजारातली." मला उत्तर सुचलं नाही.

तुझ्याविषयी एक तक्रारही आहे. 2018 मध्ये तू पहिल्यांदा अधिकृतपणे कॉम्प्युटरवर आलास तेव्हा तुझी अक्षरं आणि चित्रं इतकी बेढब होती की मी दोन दिवसांत मिटून ठेवलं. पुढं एकामागून एक दुरुस्त्या करून तुला बरंच सावरलं गेलं. तीस वर्षांपूर्वी इतक्या जिवापाड घडवलेल्या गोष्टीला नवं घर देताना आधी एवढी कसर राहायला नको होती. यासुनोरी मित्सुदांनी संगीतकार व्हायला मिळालं नाही तर नोकरी सोडतो असं साकागुचींना सांगून तुझं काम मिळवलं आणि ते करता करता पोटाच्या अल्सरनं आजारी पडले, उरलेलं काम नोबुओ उएमात्सुंना पुरं करावं लागलं. अशा माणसांच्या कामाला निष्काळजी हात लागलेला मला सहन होत नाही.

भाची आता त्या दाराजवळ पोचलीय जिथून ख्रिस्तपूर्व 12,000 मध्ये जाता येतं. तिला अजून कल्पना नाही. पलीकडं आधी नुसता बर्फ, वाऱ्याचा आवाज, कुणी नाही. मग वर, ढगांच्याही वर, ते राज्य आणि मित्सुदांची ती धून. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा हात कीबोर्डवरून काढून घेतले होते आणि कुठंच गेले नव्हते, नुसती ऐकत उभी होते. आजी रोज विचारते, पुढं काय होतं? मी सांगत नाही.

उद्या दुपारी त्या दोघी बसतील. बाहेर बेचाळीस अंश असतील आणि आमचा कूलर विमानासारखा गरजतो. भाचीनं त्या दारातून पाऊल टाकलं की मी तो दहा मिनिटं बंद करणार आहे. आईला सांगून ठेवलंय, हातपंखाही काढून ठेवलाय.

तुझी,
इंदूरची एक आत्या