पेवातली हळद आणि घरातले दुखणे

हळद घेऊन सांगलीच्या पेठेत आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. राजापुरी हळदीचे हे नावाजलेले ठिकाण. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सौदा झाला, पट्टी हाती पडली, की आपण लगेच परतीची एस.टी. धरतो. या खेपेला एक दिवस जास्त काढा. नदी दिसेल, देवदर्शन घडेल, आणि ज्या दुखण्याचे नाव आपण घरात मोठ्याने घेत नाही त्या एचआयव्हीविषयी चार उपयोगाच्या गोष्टी कळतील.

प्रथम हरिपूरला चला. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव. वर संगमेश्वराचे देऊळ, खाली नदी. इथल्या जमिनीत हळदीची पेवे आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे. हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकते. 2005 च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली, ती गोष्ट वेगळी. पेव उघडले तरी जाणता माणूस एकदम आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जीव घेते. आधी वारा लागू देतात, मगच उतरतात.

हळद कोंडून ठेवली तर टिकते. दुखणे कोंडून ठेवले तर घर खाते. एचआयव्ही हा विषाणू. शरीराची राखण करणाऱ्या पेशींना तो हळूहळू मारतो. राखण गेली की क्षयासारखे रोग शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. पण लागण झाल्यावर आठ-दहा वर्षेही माणूस धडधाकट दिसू शकतो, नांगर धरतो, पोती उचलतो. चेहऱ्यावरून काही ओळखता येत नाही. रक्ताची तपासणी हाच मार्ग. लागण नवी असेल तर पहिले काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही. म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

याच हरिपुरात नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले. जरठ-कुमारी विवाहावर कोरडा ओढणारे त्यांचे 'शारदा' नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. मुलीचे भले न पाहता लग्न उरकू नये, एवढे त्या नाटकाने महाराष्ट्राला शिकवले. आज आपण जमीन किती, विहिरीला पाणी किती हे विचारतो. मग मुलगा आणि मुलगी दोघांनीही राजीखुशीने रक्त तपासून घ्यावे, हे बोलायला का लाजावे?

आता शहरात या. इथे गोकुळनगर ही देहविक्रय करणाऱ्या बायांची वस्ती आहे. 1992 साली 'संग्राम' संस्थेने या भागात काम सुरू केले. पुढे 1996 मध्ये या बायांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. निरोध वाटण्याचे आणि गिऱ्हाइकाने तो वापरलाच पाहिजे हे एकमेकींना पटवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण हा विषाणू काही आपल्या पायांनी खेड्यात येत नाही. घरी आणणारा गडी आपल्यातलाच असतो, आणि भोगते घरात बसलेली बायको.

पुढे सिव्हिल हॉस्पिटल. तिथे एआरटी केंद्र आहे. या औषधांचा सरकारी मोफत कार्यक्रम देशात 2004 साली सुरू झाला. आज बहुतेक रोग्यांना दिवसाला एकच गोळी पुरते. आजार मुळातून जात नाही, पण गोळी नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही. तसा तो दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. गरोदरपणी उपचार घेतले तर बहुतेक बाळे विषाणूशिवाय जन्मतात. मात्र गोळीत खंड नको. अपुरे औषध फवारले की कीड त्याला सरावते, हे आपण शेतात पाहिले आहे. हा विषाणूही तसाच सरावतो.

सांगलीहून पश्चिमेला पेठ नाक्याकडे निघालात की दोन्ही अंगांना ऊस आणि पुढे पुणे-बंगळूर महामार्ग. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या तोडणी टोळ्या या भागात उतरतात आणि सहा-सहा महिने घराबाहेर राहतात. कोणाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी आपल्या केंद्रात सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात, किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रात नाव बदलून घेता येते. मुकादमाला सांगण्याची सक्ती नाही.

अफवांचे पेव मात्र अजून बुजलेले नाही. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीत पोहल्याने, डास चावल्याने, शेजारी बसून खुरपल्याने हा आजार होत नाही. तो होतो निरोधाशिवायच्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला.

आणि कायदाही आता ठाऊक असू द्या. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि कोणाचा आजार परस्पर दुसऱ्याला सांगता येत नाही. आजारी सुनेला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. नवरा वारला तरी सातबाऱ्यावरचा तिचा वारसाहक्क या आजारामुळे बुडत नाही.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. 1097 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. शंका असेल त्याने या आठवड्यातच जावे, नवरा-बायकोने मिळून जावे. आणि घरात कोणाला लागण निघालीच, तर त्याचे ताट वेगळे मांडू नका. रोजच्या पंगतीतच वाढा, आणि जेवण झाल्यावर गोळीची आठवण करा.