गुरं उधळतात, माणसं चेंगरतात

डेस्कवर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एजन्सीची इंग्रजी बातमी आली की त्यातल्या 'स्टॅम्पीड'पुढे डोळे झाकून 'चेंगराचेंगरी' लिहायचं, असं सिनियरनी शिकवलं होतं. वीसेक वर्षं तेच केलं. शब्द मुळात कुठला, हे बघायला मात्र उशीर झाला.

शब्द गुराख्यांचा आहे. मेक्सिकोतल्या स्पॅनिश 'एस्तांपिदा'वरून तो अमेरिकेत गेला. टेक्सासचे काऊबॉय दोन-तीन हजार गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायचे. रात्री वीज कडाडली की अख्खा कळप बिथरून धावत सुटायचा. मग घोड्यावरून पुढे जाऊन म्होरक्या जनावरांना वळवायचं आणि कळप गोल फिरवत शांत करायचा. कॅनडात कॅलगरीला १९१२ पासून याच नावाची जत्रा भरते. पुढे पेपरवाल्यांनी शब्द उचलला. शेअर घ्यायला झुंबड उडाली, स्टॅम्पीड. पक्ष सोडायची रांग लागली, स्टॅम्पीड. इथवर ठीक आहे, अलंकार म्हणून चालतं.

पण माणसं मरतात तेव्हाही तोच शब्द वापरतात, तिथे घोळ आहे. आपल्याकडे बैल 'उधळतो'. माणसं उधळली असं म्हटलं की दोष त्यांच्यावरच आला ना! प्रत्यक्षात होतं उलट. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कुणी धावूच शकत नाही. छाती फुलायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो.

२९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल. २३ माणसं गेली. पाऊस, अरुंद जिना, वरून-खालून गर्दी. आणि आपण चर्चा कशाची केली? कुणीतरी 'फूल' म्हटलं की 'पूल', याची.

त्याआधीचं, २३ नोव्हेंबर १९९४ चं नागपूर. मी तेव्हा शाळेत होतो. विधिमंडळावर गोवारी समाजाचा मोर्चा, मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. पोलिसांचा लाठीमार झाला, लोक अडकले आणि ११४ जण गेले. त्यात बायका-पोरं जास्त. गोवारी म्हणजे पिढ्यानपिढ्या गुरं राखणारी माणसं. गुरं सांभाळणाऱ्यांच्या मरणाला इंग्रजीत गुरांचाच शब्द लागला. हे लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्यांना बोलतोय, पण स्वतःचंही सांगतो. मागे एका जत्रेत गर्दीत बाया जखमी झाल्या. 'अफवेमुळे भाविकांची पळापळ' अशी प्रेसनोट आली, मी ती जशीच्या तशी लावली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर एक म्हातारी म्हणाली, "अरे लेकरा, पळायला जागा व्हती का तिथं? आम्ही तर उभ्याच व्हतो." दर्शनाची रांग जिथून आत जात होती तिथूनच लोक बाहेर येत होते. माझ्या बातमीत त्याचा एक शब्द नव्हता. खुलासाही कधी छापला नाही. ती चूक माझीच.

आपला 'चेंगराचेंगरी' शब्द त्या मानाने खरा आहे. त्यात माणसं दाबली जातात, एवढंच तो सांगतो. पण त्याच्यामागे 'अफवेमुळे' जोडलं की तोही खोटा होतो. कोणी चेंगरलं यापेक्षा जागा कोणी कमी ठेवली, हे लिहायला हवं.

असो. जत्रांचा हंगाम येतोय. तुमच्या गावच्या जत्रेत आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच असेल तर फोटो काढून पाठवा. बातमी आधी लावू. नंतर लावून काय उपयोग?