पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज बोलून जातो. या म्हणीत थोडी कीव आहे आणि थोडा उपहासही आहे. ज्याचे घर एका जागी नाही त्याचा भरवसा काय धरावा, असा स्थिरावलेल्या माणसाचा सूर तिच्यातून ऐकू येतो. धर्मगुरूच्या वाट्यालाही एक प्रकारचे बिऱ्हाड येतेच. बदलीचे पत्र आले की एक ट्रंक, पुस्तकांची दोन-चार खोकी आणि वळकटी घेऊन नव्या धर्मग्रामाची वाट धरायची. परंतु आमच्यासाठी तेथे छप्पर तयार असते आणि दारात कोणीतरी चहाचा पेला घेऊन उभे असते. तेव्हा त्याला पाठीवरचे बिऱ्हाड म्हणणे म्हणजे अतिशयोक्तीच होय. खरे बिऱ्हाड कसे असते, हे २०२४ सालच्या चैत्रात मी रस्त्यावर पाहिले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते.

माझा भाचा पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. कंपनीच्या कामानिमित्त तो दोन वर्षे अमेरिकेत, डेन्व्हर शहरी, सहकुटुंब राहून आला. तेथे सुटी लागली की फिरते घर भाड्याने घ्यायचे आणि रस्त्याला लागायचे, ही त्याला लागलेली गोडी. गाडीतच पलंग, गाडीतच चूल. अशा गाड्यांसाठी तेथे खास मैदाने राखलेली असतात. पाण्याचा नळ, विजेची जोडणी, सांडपाण्याची सोय, सगळे त्या जागेवर मिळते. कोलोरॅडो स्प्रिंग्स गावाजवळ फ्लाइंग डब्ल्यू रँच म्हणून एक ठिकाण आहे. १९५३ सालापासून तेथे पाहुण्यांना उघड्यावर जेवू घालतात आणि मग गुराख्यांच्या वेषातील वादक गिटार-फिडलवर माळरानाची जुनी गाणी म्हणतात. २०१२ सालच्या वणव्यात ती सारी वास्तू जळून खाक झाली. २०२० साली ती पुन्हा उभी राहिली. भाच्याने तेथील संध्याकाळचे वर्णन मला इतक्या वेळा ऐकवले होते की शेवटी मी त्याला म्हटले, "अरे, उघड्या आभाळाखालचे गाणे आणि गाडीवरचा संसार आपल्याकडेही आहे. तो बघायला विमान लागत नाही."

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आपल्याकडेही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. भाच्याने पुण्यात एक गाडी ठरवली आणि मला फोन केला, "मामा, ईस्टर झाला की चार-पाच दिवस तुम्ही आमचे." त्या वर्षी योग मोठा चांगला जुळला. एरवी गुढीपाडवा बहुधा प्रायश्चित्तकाळात येतो आणि धर्मगुरूला त्या दिवसांत हलता येत नाही. २०२४ साली मात्र ईस्टर ३१ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता. ७ एप्रिलच्या रविवारची मिस्सा आटोपली आणि दुपारी भाचा, त्याची पत्नी, आठ वर्षांची नात आणि मी असे चौघे छत्रपती संभाजीनगरहून निघालो.

पहिला मुक्काम कायगाव टोक्याला, गोदावरी आणि प्रवरा जेथे भेटतात तेथे पडला. एका ढाब्याच्या मालकाने गाडी लावायला अंगण दिले आणि पाण्याचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या असल्याने पहाटेपासून माणसे स्नानासाठी नदीकडे उतरत होती. मग नेवासे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), टाकळी ढोकेश्वर, बेल्हे असे करीत आळेफाट्याला वळलो आणि पाडव्याच्या सकाळी नारायणगावात पोहोचलो.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या पडतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, हिशेबाची वही, आणि समोर गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच. कोणत्या तिथीला कोणत्या गावची यात्रा, किती रुपयांची सुपारी, इसार किती, याचा सौदा तेथे होतो. दसऱ्याला फड बाहेर पडतात. पाडव्यापर्यंत कनात लावून तिकिटावर खेळ करतात आणि पाडव्यानंतर वैशाखापर्यंत यात्रांच्या सुपाऱ्यांवर गावोगाव फिरतात. सबंध वर्षाची भाकरी या एका दिवसाच्या सौद्यावर बऱ्याच अंशी ठरते.

याच गावाचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी देशभर नेले. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांच्या कलेचा गौरव झाला. पोटुशी असताना खेळ चालू असतानाच त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीगत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? २००२ साली त्या वारल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्काराच्या बातम्या आपण वाचतो. त्या बाळंतपणाची कथाही कौतुकाने सांगतो. परंतु ज्या संसारात बाळंतिणीलाही टेकायला जागा नव्हती तो संसार कसा होता, हे विचारायचे राहून जाते.

एका राहुटीत बसलेल्या व्यवस्थापकाने मला कोरोनाच्या दोन वर्षांची आठवण सांगितली. देशभर टाळेबंदी लागू झाली तो पहिला दिवस म्हणजे २५ मार्च २०२०, आणि त्याच दिवशी पाडवा होता. दुसऱ्या वर्षी १३ एप्रिल २०२१ ला पाडवा आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले. आपली देवळे त्या काळात बंद होती आणि त्याचे आपल्याला किती दुःख झाले! या माणसांचा मात्र वर्षाचा सौदाच दोनदा बुडाला. कोणी वीटभट्टीवर गेले, कोणी भाजी विकली. "ढोलकीवाला माणूस कुदळ धरतो तेव्हा बोटं जातात," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा वहीत डोके घालून बसला.

खेळ पाहिला तो दुसऱ्या दिवशी, बुधवारी रात्री, परतीच्या वाटेवरील एका गावच्या यात्रेत. त्या गावाचे नाव येथे देत नाही. सांगणार आहे ते अनेक गावांना लागू आहे. दुपारी फडाच्या दोन मालमोटारी आणि एक जुनी बस येऊन माळावर थांबली. पन्नास-साठ माणसे उतरली. तासा-दीड तासात लोखंडी नळ्या, फळ्या, पडदे आणि दिव्यांच्या माळा यांचा रंगमंच उभा राहिला. जनरेटर धडधडू लागला. आमचे फिरते घर तेथून पन्नास पावलांवर एका लिंबाखाली होते.

फडाच्या चुलीपाशी एक वयस्क बाई भाकरी थापत होत्या. माझी नात त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने विचारले, "आजी, तुमच्या गाडीत पलंग कुठे आहे?"

बाई हसल्या. "पेट्यांवर निजतो, बाय. पडद्याचं कापड हातरायचं. तुमची गाडी किती दिसांची?"

"पाच दिवसांची."

"मंग लई झ्याक हाय. सातव्या म्हयन्यात कळतं गाडी म्हंजी काय ते."

बोलता बोलता त्यांनी आपली कहाणी सांगितली. त्या स्वतः बोर्डावर वीस-बावीस वर्षे नाचल्या. गुडघे गेल्यावर भटारखान्यात आल्या. त्यांची नात गावी नातेवाइकांकडे राहून शाळा शिकत होती. "माझ्यासंगं ठेवली तर शाळा बुडती, तिकडं ठेवली तर डोळ्याआड. काय करावं, बाबा?" मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. मी साध्या सदऱ्यात होतो. तो प्रश्न मी मनात जपून आणला आहे आणि आज तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. माळावर शौचाची कसलीही सोय नव्हती. सुपारी देताना पंचांनी गाण्यांची, दिव्यांची, मुलींच्या संख्येचीही चौकशी केली असणार. पण या मुली आडोशाला कोठे जातील, हा विचार कोणाला सुचला नव्हता. अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या त्या मुली माझ्या भाचेसुनेच्या लक्षात आल्या. तिने काही न बोलता आमच्या गाडीचे दार उघडले आणि त्यांना बोलावले. एक आली, मग दोन आल्या, मग रांग लागली. रात्री आठ वाजेपर्यंत आमच्या गाडीतील पाण्याची टाकी रिकामी झाली. एका मुलीने जाताना आरशापुढे क्षणभर उभे राहून केस सारखे केले आणि म्हणाली, "ताई, दाराला कडी हाय ना, त्याचंच बरं वाटतं."

मग खेळ सुरू झाला. हलगी कडाडली, ढोलकीने तिला उत्तर दिले, तुणतुणे आणि झांजा मागे उभ्या राहिल्या आणि गणाने गजाननाला वंदन झाले. त्यामागून गवळण आली. कृष्ण, पेंद्या, आणि पुरुषाने लुगडे नेसून रंगवलेली ती फटकळ मावशी! माझी नात पोट धरून हसत होती. बतावणीत सोंगाड्याने गावच्या पुढाऱ्यांना त्यांच्यासमोरच असे काही चिमटे घेतले की खुद्द पुढारीही हसू लागले. रंगबाजीत चित्रपटगीतांच्या फर्माइशी झडल्या. वगाला वेळ कमी पडला, कारण ध्वनिक्षेपकावर रात्री दहाचे बंधन असते आणि सवलत मिळाली तरी ती मोजक्याच रात्रींची. ज्या वगासाठी पूर्वी माणसे तांबडे फुटेपर्यंत बसून राहत, तो आता अर्ध्यावर आवरावा लागतो. तरीही त्या अर्ध्या वगातील एका म्हाताऱ्या बापाच्या प्रवेशाला सारा माळ चिडीचूप झाला होता. दोन घटकांपूर्वी शिट्ट्या मारणारी पोरे डोळे पुसत होती.

गर्दीत उभा असताना मला सेमिनरीतील ग्रीक भाषेचा तास आठवला. ग्रीक भाषेत 'स्केने' हा शब्द मुळात तंबू, राहुटी या अर्थाचा. नाटक करणारे लोक वेष बदलण्यासाठी रंगस्थळामागे राहुटी उभारीत. पुढे त्या जागेच्या इमारतीलाच 'स्केने' म्हणू लागले. राहुटी आणि रंगमंच यांना एकच शब्द! संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी देवाचा शब्द आपल्यामध्ये वस्तीला आला हे सांगताना याच शब्दापासून बनलेले क्रियापद वापरले आहे. त्याचा अक्षरशः अर्थ तंबू ठोकणे असा होतो. संत पौलही पोटासाठी तंबू तयार करण्याचा धंदा करीत असत. ज्यांचे मूळच तंबूत आहे त्यांनी तंबूवाल्यांकडे परके म्हणून पाहावे, हे कितपत योग्य?

आणि वाचकहो, आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना तर हे नाते अधिकच जवळचे आहे. शाहीर पठ्ठे बापूराव हे जन्माने कुलकर्णी. त्यांनी घरदार सोडून पवळाबरोबर फड गाजवला. असे काही थोडे सोडले तर ही कला प्रामुख्याने महार, मातंग आणि कोल्हाटी समाजांनी आपल्या हाडांवर जगवली आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे त्याच वस्त्यांतून आले. हलगी त्यांच्याच हातातली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या घटनेत प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेला मान दिला आणि आज आपल्या खेड्यांतील मिस्सामध्ये ढोलकी आणि टाळ निःसंकोच वाजतात. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण टेम्पो भरून जातो, मैदानात पथाऱ्या टाकतो, तीन दगडांवर स्वयंपाक करतो आणि रात्रभर भजने म्हणतो. त्या दोन दिवसांचे पाठीवरचे बिऱ्हाड आपल्याला पवित्र वाटते. ज्यांचे ते सात-आठ महिन्यांचे असते, त्यांच्याविषयी मात्र आपण घरात मुलांसमोर बोलत नाही.

सर्कस आणि जत्रांतील खेळ करणाऱ्या फिरत्या लोकांसाठी युरोपात खास नेमलेले धर्मगुरू आहेत. ते त्यांच्या तळावर जाऊन मिस्सा करतात, मुलांना धर्मशिक्षण देतात. १६ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांची भेट घेतली होती. आपल्याकडील फडांतील माणसे बहुतेक अन्य श्रद्धांची आहेत, तेव्हा तेथे उपदेशाची पेटी घेऊन जाण्याचे कारण नाही. परंतु पाणी, आडोसा आणि शाळा यांना धर्म विचारावा लागत नाही.

आपल्या मिशनच्या आवारांत विहिरी आहेत, कूपनलिका आहेत, शाळांची स्वच्छतागृहे आहेत. यात्रेच्या दिवसांत शाळेला सुटी असेल तर ती कुलपे फडातील स्त्रियांसाठी एका रात्रीपुरती उघडता येतील. मुकादमाबरोबर ऊस तोडायला जाणाऱ्या आईबापांची मुले आपल्या वसतिगृहांनी पूर्वीपासून सांभाळली आहेत. त्याच खोल्यांत फडावरच्या मुलामुलींसाठी दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चार खाटा राखून ठेवणे अवघड नाही. आमच्या धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढे मी हा विषय मांडला. थोडी कुजबुज झाली. तमाशाची मुले आपल्या मुलींबरोबर कशी ठेवायची, असे एकाने विचारलेही. तेव्हा मागच्या बाकावरील एक आजीबाई उठून म्हणाल्या, "माझा बाप हलगी वाजवायचा, फादर. दोन खाटा मी देते."

खाटा आल्या आहेत. त्या भाकरी थापणाऱ्या बाईंना फडाच्या व्यवस्थापकामार्फत निरोप धाडला आहे. पोरीच्या शाळेचा दाखला घेऊन त्या यायच्या आहेत.