जाणं कुणाला परवडतं

रेडिट हे प्रश्नोत्तरांचं, चर्चेचं संकेतस्थळ मी सोडलं ते तिथल्या माणसांना कंटाळून नव्हे. चेन्नईत नवा होतो तेव्हा भाकरीच्या पिठासाठी गिरणीत ज्वारी नव्हे, 'चोळम' मागायची, हे मला तिथेच कुणीतरी सांगितलं होतं. पुढे तेच उत्तर मी इतरांना देत राहिलो. वाचायचो मात्र 'रिफ' नावाच्या बाहेरच्या ॲपमधून. तांबरम लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरकवावं, इतकं ते सुटसुटीत: काळी पाटी, बारीक अक्षरं.

2023च्या एप्रिलमध्ये रेडिटने जाहीर केलं की बाहेरच्या ॲपना आता पैसे मोजावे लागतील. मागणी रास्त होती. सर्व्हर काही फुकट चालत नाहीत. मेअखेरीस 'अपोलो' ॲपच्या क्रिस्तियन सेलिगने आकडा सांगितला: ॲपने रेडिटकडून मजकूर मागवण्याच्या 5 कोटी विनंत्यांना 12 हजार डॉलर, म्हणजे त्याच्या ॲपला वर्षाकाठी सुमारे 2 कोटी डॉलर. तेही 1 जुलैपासून. भाडं वाढवणं वेगळं आणि भाडेकरूने आपणहून निघून जावं म्हणून वाढवणं वेगळं. 12 जूनला रेडिटवरच्या हजारो चर्चासमूहांनी निषेध म्हणून दारं लावून घेतली, पण कंपनी हलली नाही. 30 जूनला अपोलो गेलं, रिफही गेलं.

मीही खातं काढून टाकलं. उत्तरं तिथेच राहिली, नावाच्या जागी 'डिलीटेड'. पुढच्या फेब्रुवारीत बातमी आली: रेडिटवरचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिकवणीसाठी गूगलला, वर्षाला सुमारे 6 कोटी डॉलरला. माझं चोळमही त्यातच गेलं असणार. (भाव बरा आला म्हणायचा.)

मग 1 मार्च 2024ला शुल्काच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून उतरवली. त्यांत इथल्याच, चेन्नईच्या मॅट्रिमोनी डॉट कॉमचीही होती. सर्वोच्च न्यायालयाने आधीच अंतरिम दिलासा नाकारला होता. सरकार मध्ये पडलं तेव्हा कुठे ती परत आली. वाद तसाच, बाहेरच्यांच्या मेहनतीवर मालक काय भाव लावणार याचा. पण तेव्हा मी गूगलचं अँड्रॉइड सोडलं नाही. बँक, यूपीआय, मेट्रोचं तिकीट, सगळं त्याच फोनमध्ये. रेडिटवर माझं जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिथे बाणा दाखवता आला. सेलिगचं अख्खं ॲपच गेलं. आणि लग्न जुळवणाऱ्यांनी गिऱ्हाइकं घेऊन जायचं तरी कुठे? ॲपलच्या दुकानातही 30 टक्क्यांपर्यंत कापून घेतात.